फाळक्यांच्या खोडकर कृष्णाला भाषा लागत नाही

पांढुर्णा-सौंसरकडे घरात मराठी अन् कचेरीत हिंदी. दादासाहेब फाळक्यांचा 1919 चा ‘कालिया मर्दन’ इथे कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. मूकपटच तो. मधे पाट्या येतात, त्या नाही वाचल्या तरी चालतं.

धुंडिराज गोविंद फाळके 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबई-बडोद्याला चित्रकला, फोटोग्राफी शिकले, छापखाना चालवला. येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला अन् वेडच लागलं. विमा गहाण टाकून लंडन गाठलं. 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तारामती व्हायला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषालाच साडी नेसवली.

‘कालिया मर्दन’मध्ये मात्र कृष्ण झाली त्यांची स्वतःची लेक, मंदाकिनी. सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्यानं एकेक भाव दाखवते. मग खोड्या सुरू! एक बाई पोरांवर पाणी उडवते, तर पोरं तिच्या घरचं लोणीच लांबवतात. रात्री कृष्ण झोपलेल्या शेटजीची दाढी त्याच्या बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. नागाशी झुंज मोठीच, पण खरी गंमत या दाढीत आहे.

पुढे बोलपट आले आणि फाळके मागे पडले. मूक काढलेल्या ‘सेतुबंधन’ला नंतर आवाज जोडावा लागला. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा सिनेमा. 16 फेब्रुवारी 1944 ला ते नाशिकला वारले. त्यांची बहुतेक रिळं नष्ट झाली. ‘कालिया मर्दन’चा बराच भाग मात्र वाचला, दाढीसकट.