नाना शंकरशेठ : विद्येच्या खर्चाचा भार

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी मुरबाड-शहापूर भागातले असेल, तर जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे हे नाव तुम्हांस परके नसेल. नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडचा; वैभव मात्र मुंबईचे. श्रीमंत पुरुष त्या शहरात पुष्कळ होते. नानांचे चरित्र आपण अभ्यासतो, ते त्यांचा पैसा आणि शब्द कोठे खर्ची पडला हे पाहण्यासाठी.

१८२७ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन मायदेशी परतले. त्यांच्या गौरवार्थ वर्गणी निघाली, तीत नाना अग्रभागी होते. दोन लाखांहून अधिक रुपये जमले, आणि त्यांतून युरोपीय विद्या शिकविणाऱ्या प्राध्यापकांच्या जागा निर्माण करावयाच्या ठरल्या. पुढे ऑर्लेबार हे प्राध्यापक आले. बाळशास्त्री जांभेकर त्यांचे सहायक. ऑर्लेबारांच्या देखरेखीखाली कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे सुरू झाली. तुम्हांस नवल वाटेल, पण त्याच सुमारास जेम्स क्लार्क रॉस दोन जहाजे घेऊन दक्षिण ध्रुवप्रदेशात हेच चुंबकत्व मोजीत होता. त्याच्या जहाजांचा खर्च ब्रिटिश नौदलाने केला. येथे प्राध्यापक आणण्याचा भार मुंबईकरांच्या वर्गणीने उचलला. विज्ञानाला बुद्धीइतकीच थैलीही लागते, हे नानांनी फार लवकर ओळखले होते.

मात्र त्यांना केवळ देणगीदार म्हणणे अन्यायाचे ठरेल. १८४७ मध्ये शिक्षणमंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरला, तेव्हा नानांनी कर्नल जर्व्हिस यांच्यासह देशी भाषांची बाजू लावून धरली. बहुजनांपर्यंत नवे ज्ञान त्यांच्याच भाषेतून पोहोचेल, असे त्यांचे मत होते. तुम्ही आज मराठीतून पदवीचा अभ्यास करता, तेव्हा हा वाद जुना झाला असे कसे म्हणावे? १८४९ मध्ये मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली; त्या काळी हे लोकनिंदेला आमंत्रणच होते.

लोहमार्गासाठीही ते १८४५ पासून झटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली. (मुरबाडला मात्र पुढे दीडशे वर्षांतही रेल्वे पोहोचली नाही.) १८५७ च्या उठावात सरकारने त्यांच्यावरच संशय घेतला, पुरावा न मिळाल्याने ते सुटले.

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या समितीचे ते अध्यक्ष होते. १८६२ मध्ये त्या इमारतीची पायाभरणी झाली. ३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले, तेव्हा बांधकाम अपुरे होते. संग्रहालय लोकांस खुले झाले ते १८७२ मध्ये.