रोपांचे पुजारी घडविणारे पांडुरंगशास्त्री

कुंडलिका नदीकाठचे रोहे हे पांडुरंगशास्त्री आठवले यांचे जन्मगाव. १९ ऑक्टोबर १९२० रोजी जन्मलेले शास्त्रीजी गीतेचे प्रवचनकार आणि स्वाध्याय परिवाराचे प्रणेते म्हणून सर्वपरिचित झाले. त्यांचा ‘वृक्षमंदिर’ हा प्रयोग मात्र त्या मानाने कमी चर्चिला गेला.

रोह्यात तपोवन पद्धतीने त्यांचे शिक्षण झाले. वडील वैजनाथशास्त्री यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या माधवबागेत सुरू केलेल्या गीता पाठशाळेची धुरा त्यांनी १९४२ मध्ये स्वीकारली. १९५४ मध्ये जपानमधील तत्त्वज्ञान परिषदेत सहभागी होऊन ते परतले आणि १९५६ मध्ये ठाण्यात तत्त्वज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. चिंतनाला कृतीची जोड हवी, हा त्यांचा आग्रह पुढील सर्व प्रयोगांत दिसतो.

रोहे-पेणच्या डोंगरांवर पावसाळ्यात रोप सहज रुजते. त्याची कसोटी लागते ती नंतरच्या आठ कोरड्या महिन्यांत. दाट रानात मोठ्या झाडांची सावली आणि पालापाचोळ्याखालची ओल त्याला जपते. एखादा जुना वृक्ष कोसळून वरून उजेड आला, की वर्षानुवर्षे खुरटलेले रोप झपाट्याने उंचावते. बोडक्या उतारावर ही माया नसते. तेथे ऊन, वणवा आणि चरणारी गुरे यांच्यापुढे ते एकाकी पडते. रानाचे हे काम मग माणसालाच करावे लागते. वृक्षारोपणाचे समारंभ निष्फळ ठरतात ते नेमके येथेच.

शास्त्रीजींनी या राखणीलाच उपासनेचे रूप दिले. १९७९ मध्ये सौराष्ट्रातील कालावड येथे ‘याज्ञवल्क्य उपवन’ हे पहिले वृक्षमंदिर उभे राहिले. परिसरातील स्वाध्यायी पाळीपाळीने तेथे पुजारी म्हणून येऊ लागले. रोपांना पाणी घालणे, आळी करणे, कुंपण सांभाळणे हीच त्यांची पूजा. वृक्षांत परमेश्वराचा वास मानल्याने निगा राखण्यासाठी मजुरीची अपेक्षा उरली नाही आणि उत्पन्नावर कोणा एकाची मालकीही राहिली नाही. पुढे गुजरात व महाराष्ट्रात अशी आणखी उपवने फुलली.

मॅगसेसे (१९९६), टेम्पलटन (१९९७) आणि पद्मविभूषण (१९९९) हे सन्मान लाभलेल्या शास्त्रीजींचे २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत निधन झाले. दरवर्षी पावसाळ्यात लाखो रोपे लावली जातात. पुढचा उन्हाळा त्यांतली किती पाहतात, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे.