सर्वांसाठी संगणक खुला करणारे जॉन केमेनी

‘बेसिक’ या प्रोग्रामिंग भाषेचे एक जनक जॉन केमेनी यांचा जन्म ३१ मे १९२६ रोजी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. नाझींचे संकट ओळखून हे कुटुंब १९४० मध्ये अमेरिकेत आले. मायदेश सोडण्यास नकार देणारे आजोबा पुढे नरसंहारात बळी पडले. न्यूयॉर्कमध्ये शालेय शिक्षण घेऊन केमेनी प्रिन्स्टनला गेले. मधले एक वर्ष त्यांनी लॉस अलामॉस येथील अणुप्रकल्पात गणनाचे काम केले. पुढे ते आइन्स्टाइन यांचे गणिती साहाय्यक झाले. १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९५३ मध्ये ते डार्टमथ महाविद्यालयात रुजू झाले.

त्या काळी संगणक मोजक्या तज्ज्ञांच्याच हाती होता. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा जमा करायचा आणि उत्तरासाठी ताटकळत राहायचे, अशी रीत होती. डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. तथापि उद्या निर्णयाच्या जागी बसणाऱ्या या तरुणांना संगणक कळलाच पाहिजे, असा केमेनी यांचा आग्रह होता. सहकारी टॉमस कुर्ट्झ यांच्यासह त्यांनी सोपी भाषा रचली आणि एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी टाइम-शेअरिंग व्यवस्था उभारली. तिचे बरेचसे काम विद्यार्थ्यांनीच केले. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता बेसिकमधील पहिले प्रोग्राम चालले.

ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे संगणकही विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळावा, हे धोरण ठरले. भाषाही कोणालाही वापरण्यास मोकळी ठेवली गेली. या औदार्यामुळे बेसिक झपाट्याने पसरली. १९७५ मध्ये बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी अल्टेअर संगणकासाठी तिची आवृत्ती तयार करून ती विक्रीस आणली. तिच्या फुकट नकला फिरू लागताच गेट्स यांनी १९७६ मध्ये हौशी वापरकर्त्यांना जाहीर पत्र लिहून निषेध नोंदवला. त्याच सुमारास काही हौशी मंडळी ‘टायनी बेसिक’ मुक्तपणे वाटत होती. भारतातील शाळांत १९८० च्या दशकात संगणक आले, तेव्हा अनेक मुलांची पहिली भाषा बेसिकच ठरली.

मात्र राखणदार नसलेल्या या भाषेला प्रत्येक उत्पादकाने आपापले वळण दिले. एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेना. डार्टमथमध्ये झालेल्या सुधारणाही या आवृत्त्यांत फारशा उतरल्या नाहीत.

१९७० ते १९८१ या काळात केमेनी डार्टमथचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९७२ पासून तेथे मुलींना पदवी अभ्यासक्रमाची दारे खुली झाली. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंड अणुदुर्घटनेच्या चौकशी आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. अध्यक्षपदाची मुदत संपल्यावर ते पुन्हा बेसिककडे वळले. १९८३ मध्ये कुर्ट्झ यांच्यासह त्यांनी ‘ट्रू बेसिक’ कंपनी स्थापली. आयबीएम पीसी असो वा मॅकिन्टॉश, तोच प्रोग्राम चालावा, हा तिचा हेतू होता. पण ट्रू बेसिकला किंमत मोजावी लागे, आणि बहुतेकांच्या यंत्राबरोबर कोणती ना कोणती बेसिक आयतीच मिळत असे. अधिक नेटकी असूनही ती मूळ बेसिकइतकी पसरली नाही.

२६ डिसेंबर १९९२ रोजी केमेनी यांचे निधन झाले. विनामूल्य दिलेली भाषा जगभर गेली, पण तिच्या रूपावर त्यांचा ताबा उरला नाही. रूप सांभाळून विकायला काढलेली भाषा मोजक्यांपर्यंतच पोहोचली. आज साधन निवडताना ते फुकट आहे का, याबरोबरच त्याचा सांभाळ कोण करतो, हेही पाहावे लागते, ते याचमुळे.