इंदापूरजवळ थांबलेला डफ

सबमिशन संपलं की आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर गिटार निघते. दरवर्षी कुणीतरी एक जण जॉन डेन्व्हर गातोच. उच्चार बारामतीचे आणि गाव अमेरिकेतलं! तरी मजा येते. गाणं घराकडे जाणाऱ्या रस्त्याचं असतं, आणि शनिवारची एसटी पकडायला धावणाऱ्या पोरांना ते समजायला इंग्रजी फारसं लागत नाही.

अशाच एका रात्री मेसमधले काका पायरीवर बसून ऐकत होते. ते इंदापूरकडचे. गाणं संपल्यावर सहज म्हणाले, की असा गावोगाव गात फिरणारा माणूस आपल्याकडंही होता, आणि तो गेला आमच्या इंदापूरजवळच. नाव शाहीर अमर शेख. आमच्यापैकी दोघांनीच ते नाव ऐकलं होतं. खरं सांगायचं तर मी त्या दोघांत नव्हतो. नंतर लायब्ररीत जाऊन जे वाचलं, ते इथे मांडतो आहे.

अमर शेख हे त्यांचं जन्मनाव नव्हे. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत एका गरीब मुसलमान घरात मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. घरात पैसा नव्हता, पण गाणं होतं. आई मुनेरबी जात्यावर बसली की ओव्या सुरू व्हायच्या. मेहबूबचा पहिला क्लास तोच, आणि त्याला फी नव्हती! शाळा मात्र गरिबीमुळे फार पुढे गेली नाही. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, मग गिरणीत मजुरी केली. म्हणजे आपण ज्या वयात केटीचे फॉर्म भरतो, त्या वयात हा माणूस शिफ्ट भरत होता.

बार्शीच्या गिरणीत संप झाला. त्यात मेहबूब पुढे होता, म्हणून तुरुंगात गेला. तुरुंगाने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे साम्यवादी विचार, आणि दुसरी म्हणजे ही जाणीव की आपला आवाज नुसता मन रमवायला नाही, तो कामाला येऊ शकतो. सुटल्यावर तो कोल्हापूरला गेला. मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत काही काळ काढला. तिथल्या मित्रमंडळींत मेहबूब पटेलचा अमर शेख झाला. सिनेमाच्या दुनियेत मिळालेलं हे नाव पुढे मोर्च्यांत आणि सभांत गाजलं.

मुंबई तेव्हा गिरण्यांची होती. परळ-लालबागच्या चाळींत सातारा, कोकण, घाटावरची माणसं खोलीत दाटीवाटीने राहायची आणि पाळीने झोपायची. त्यांना गाणं हवं होतं, पण ते त्यांच्या जगण्याचं. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा बाज तोच, डफ-तुणतुणं तेच, झीलकऱ्यांची साथ तीच. बदलला तो आतला माल. गणपतीच्या गणाऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्याला वंदन आलं. गवळणीतली थट्टा गेली आणि सावकार, काळाबाजारवाला, मालक असे लोक स्टेजवर आले. सरकारला हे फार काळ पचलं नाही. कलापथकावर बंदी आली. पण माणसं जमवायला डफावरची एक थापही पुरते, हे सरकारच्या लक्षात यायला वेळ लागला.

त्यांच्या आवाजाविषयी जिथे वाचावं तिथे एकच शब्द भेटतो, पहाडी. आपण गॅदरिंगला दोन स्पीकर कमी आले तरी रुसतो. इथे हजारोंची गर्दी, मैदान उघडं, आणि एक माणूस हात वर करून पहिली तान टाकतो. वक्ते यायच्या आधी गर्दी जमवायची, तिला धरून ठेवायची आणि तापवायची, हे शाहिराचं काम. मग अत्रे, डांगे, एसेम यांची भाषणं. दुसऱ्या दिवशी पेपरात भाषणं छापून यायची. गाणं मात्र लोकांच्या तोंडी घरी जायचं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे काम सगळ्यात मोठं झालं. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचं घाटत होतं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. पुढे एकशे पाचांवर माणसं हुतात्मा झाली. त्या काळात अमर शेख, अण्णाभाऊ आणि गव्हाणकर राज्यभर फिरले. अण्णाभाऊंनी मैनेची छक्कड लिहिली. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीत झुरणारा कामगार, आणि तिच्या आडून महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख! ती छक्कड अमर शेखांच्या गळ्यातून गावोगाव पोचली. आजही ती अण्णाभाऊंची म्हणूनच ओळखली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. दुसऱ्याचे शब्द आपल्या छातीतून काढून लोकांच्या हवाली करायचे आणि श्रेय त्याचं त्याला राहू द्यायचं, याला केवढं मोठं मन लागतं! आपल्याकडे ग्रुप प्रोजेक्टच्या रिपोर्टवर कुणाचं नाव आधी, यावरून दोस्ती तुटते.

आणि ते नुसते गाणारे नव्हते. स्वतः लिहायचे. 'अमरगीत' हा गीतसंग्रह १९५१ चा. त्याच साली 'पहिला बळी' हे नाटक आलं. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे कवितासंग्रह. आचार्य अत्र्यांनी त्यांची तुलना मायकोव्हस्की या रशियन क्रांतिकवीशी केली. १९६१ च्या 'प्रपंच' या चित्रपटात त्यांनी कामही केलं.

अमेरिकेत साधारण याच काळात वुडी गथ्री नावाचा गायक होता. जन्म १९१२, मृत्यू १९६७. धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त झालेल्या लोकांबरोबर तो फिरला, मजुरांच्या युनियनसाठी गायला, स्वतःची गाणी स्वतः रचली. त्याच्याकडे गिटार होती, यांच्याकडे डफ. ओक्लाहोमा आणि बार्शी यांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं, पण दुष्काळ आणि मजुरी दोन्हीकडे सारखीच. म्हणून गाणंही सारखंच निघालं असावं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मुंबई मिळाली, बेळगाव-कारवार राहिलं. पुष्कळांना त्यानंतर पदं मिळाली. शाहिरांना आणखी कार्यक्रम मिळाले, एवढंच. गोवामुक्तीसाठी ते गायले होतेच. १९६२ ला चीनने आक्रमण केलं तेव्हा कम्युनिस्टांकडे लोक संशयाने बघत होते. अमर शेखांनी वाद घातला नाही. डफ उचलला, महाराष्ट्रभर फिरले, देशाच्या रक्षणासाठी लोकांना जागं केलं, निधी गोळा केला. १९६५ च्या पाकिस्तान युद्धातही तेच. मेहबूब पटेल या नावाच्या माणसाला आपण कुठले, हे कुणी विचारायच्या आधीच त्यांनी गाऊन सांगितलं होतं.

मग १९६९ साल आलं. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, हलाखीत, वय अवघं ४८. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात शाहीर अमर शेख गेले. वय ५२. ज्यांनी संयुक्त महाराष्ट्र बोलून, लिहून आणि गाऊन उभा केला, त्यातले तीन आवाज ७७ दिवसांत बंद झाले. मोटारीवर क्लीनर म्हणून ज्याने सुरुवात केली, त्याचा शेवटही रस्त्यावरच झाला. बार्शीपासून इंदापूर काही फार लांब नाही. सगळा महाराष्ट्र फिरून माणूस जवळजवळ घराशी आला होता, असं आपलं मला वाटतं.

त्यांच्या पत्नी कुसुम जयकर. मुलगी मलिका पुढे कवयित्री झाली आणि वडिलांचं नाव आपल्या नावात कायम ठेवलं. त्या वेळी ती बारा वर्षांची होती. मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन आपल्या लायब्ररीत कुणाला मिळालं तर जरूर वाचा. चळवळीच्या घरात वाढणं म्हणजे काय, ते त्यातून कळतं. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासनही आहे.

आपली बारामती मोरोपंतांची. सोलापूरचा शाहीर रामजोशी पंतांना मानायचा, त्यांच्या आर्या त्याने कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या, हे शाळेत ऐकलेलं असतं. म्हणजे एकाचे शब्द दुसऱ्याने गळ्यावर घेऊन गावोगाव न्यायचे, ही आपल्या भागातली जुनीच रीत. अण्णाभाऊंची मैना नेणारे अमर शेख त्याच रांगेतले.

गेल्या दिवाळीला सोलापूरच्या एसटीने घरी निघालो. इंदापूर स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. चहा, वडापाव, खिडकीशी पाण्याच्या बाटल्या, सगळं नेहमीचं. यापूर्वी तिथे मी किती वेळा झोपेतच असायचो! या वेळी जागा होतो. गाडी सुटल्यावर रस्त्याकडे बघत राहिलो. बघण्यासारखं काही नव्हतं, ऊस आणि ट्रक. तरी डोळा लागला नाही.

गच्चीवर गिटार वाजू द्या, डेन्व्हरही चालू द्या. फक्त यंदाच्या गॅदरिंगला कुणाकडे डफ असेल तर घेऊन या. वाजवणारे काका मेसमध्ये आहेत, मी विचारून ठेवलंय.