शंतनुराव किरलोस्कर : कमी अश्वशक्तीचे मोठे काम
मोटेला पर्याय ठरणारे छोटे डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या दारी पोहोचविणारे उद्योजक शंतनुराव किरलोस्कर यांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. अमेरिकेतील एमआयटीतून १९२६ मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते मायदेशी परतले व वडील लक्ष्मणरावांच्या किरलोस्करवाडीतील कारखान्यात रुजू झाले. १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात किरलोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली. शेतीच्या इंजिनाला शर्यतीचा वेग नको होता. तासन्‌तास न थकता पाणी उपसण्याची चिकाटी हवी होती. भीमा खोऱ्यातील मांडवगण फराटासारख्या शेतीप्रधान गावांची गरजही हीच होती. १९६५ मध्ये पद्मभूषणने गौरविलेल्या शंतनुरावांचे २४ एप्रिल १९९४ रोजी निधन झाले.