आपल्या रायपूरचे माधवराव सप्रे



बूढापाऱ्यातील माधवराव सप्रे शाळेवरून आपण सर्वच जण अनेकदा जातो. गेल्या वर्षी उत्सवाच्या वर्गणीसाठी फिरताना माझ्या मुलाने विचारले, हे सप्रे कोण होते आणि मराठी माणसाचे नाव इथल्या शाळेला कसे? मला नीट उत्तर देता आले नाही. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, बदलीने रायपूरला आलो आणि इथलाच झालो. पण मुलापुढे गप्प बसावे लागले याची रुखरुख लागली, म्हणून थोडे वाचन केले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी मराठी कुटुंबात झाला. बालपण बिलासपुरात गेले, हायस्कूलचे शिक्षण रायपुरात झाले. पुढे ते बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेल्याला सरकारी नोकरी सहज मिळत असे. माधवरावांनी ती पत्करली नाही. त्यांनी पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवण्याचे काम धरले.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८६० नंतरच्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात जमिनीची नवी व्यवस्था लावली आणि मालगुजारांना गावांची मालकी दिली. जमीन विकता येऊ लागली, कर्जापायी जाऊ लागली, तिचे निकाल कचेरीत लागू लागले. १८८८ च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेचा मोठा रूळ रायपुरातून गेला. मी रेल्वेचा माणूस, मला या रुळाचा अभिमान आहे. पण रूळ दोन्ही बाजूंनी माल नेतो, हेही खरे. इथला तांदूळ दूरच्या बाजारात जाऊ लागला आणि गिरणीचे कापड इथल्या कोष्ट्यांच्या मागापर्यंत येऊन पोचले. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले.

अशा दिवसांत, जानेवारी १९०० मध्ये, माधवरावांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे हे दोन मराठी सहकारी सोबत होते. पेंड्र्याला छापखाना नव्हता. अंक आधी रायपुरात आणि पुढे नागपुरात छापून घ्यावा लागे. तीन वर्षे तोटा सोसून १९०२ अखेर मासिक बंद पडले. पण त्यातच १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. एक जमीनदार वकिलांच्या मदतीने गरीब विधवेची झोपडी कोर्टातून आपल्या ताब्यात घेतो, आणि शेवटी टोपलीभर मातीच त्याचे डोळे उघडते. अनेक अभ्यासक ही हिंदीतील पहिली कथा मानतात. कायदा जमीनदाराच्या बाजूने होता, न्याय विधवेच्या बाजूने. हा फरक त्यांनी दोन पानांत सांगितला.

त्यांचा दुसरा आवडीचा विषय अर्थशास्त्र. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या कोशासाठी अर्थशास्त्राचे हिंदी शब्द त्यांनी तयार केले. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ पेटली. तेव्हा परदेशी मालामुळे देशातील कारागीर कसा बुडाला, हे त्यांनी ‘स्वदेशी आंदोलन और बायकाट’ या पुस्तकात मांडले. सरकारने ते पुढे जप्त केले.

१३ एप्रिल १९०७ पासून त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला आणि टिळकांचे विचार हिंदी भाषकांपर्यंत पोचवले. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि महिनाभरात माधवरावांनाही राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. हे १२४-अ कलम १८७० सालचे, म्हणजे माधवरावांच्या जन्माच्या आदल्याच वर्षीचे.

यापुढचा भाग लिहिताना जड वाटते. थोरल्या भावाने टोकाचा आग्रह धरला, घरची ओढाताण झाली, आणि माधवरावांनी माफीनामा लिहून दिला. ते सुटले. पण ही गोष्ट त्यांना स्वतःलाच सहन झाली नाही. समर्थ संप्रदायातील सत्पुरुष श्रीधर विष्णू परांजपे यांच्याकडे राहून त्यांनी मधुकरी मागितली, दासबोधाचा अभ्यास केला आणि तो हिंदीत आणला.

आमच्या खात्यात पुलावर भार टाकून पाहतात. भाराखाली गर्डर थोडा वाकतोच. भार उतरल्यावर तो पूर्ववत होतो की नाही, हे महत्त्वाचे. माधवरावांचे उरलेले आयुष्य पाहिले की हेच आठवते.

रायपुरात त्यांनी मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा उभी केली. टिळकांचा ‘गीतारहस्य’ १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाला आणि त्याचा हिंदी अनुवाद माधवरावांनी केला. १९२० साली जबलपूरहून माखनलाल चतुर्वेदींच्या संपादकत्वाखाली ‘कर्मवीर’ निघाला, त्यामागेही तेच होते. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी माणसाकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले. भोपाळला त्यांच्या नावाचे समाचारपत्र संग्रहालय १९८४ मध्ये सुरू झाले.

ज्या दंडसंहितेखाली त्यांना पकडले, ती १ जुलै २०२४ रोजी इतिहासजमा झाली. कायदे बदलतात, बाजार बदलतो, रूळही बदलतात. त्यांच्या तडाख्यात सापडलेला माणूस पुढे काय करतो, तेही इतिहासच घडवते.

मुलाला आता उत्तर देता येते. माधवरावांनी घरातली मराठी सोडली नाही आणि ज्या मातीत राहिले तिची भाषा परकी मानली नाही. म्हणून ते छत्तीसगढचे झाले. नोकरीधंद्यानिमित्त इथे आलेल्या आपणा सर्वांना याहून जवळचा आदर्श कोणता? या वर्षी आरतीनंतर एखाद्या संध्याकाळी आपल्या मुलांना घेऊन सप्रे शाळेपर्यंत जरूर जा आणि ही गोष्ट सांगा.

गणपती बाप्पा मोरया!