पखालीचा बैल आणि पाटीलबाबा

महाराष्ट्राबाहेर मराठी कुठं कुठं रुजली, याची यादी करायला बसलं की बेळगाव-बिदरनंतर ग्वाल्हेरचं नाव येतंच. किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर, मुरार आणि लष्कर असे या शहराचे तीन भाग. यातलं लष्कर म्हणजे शिंद्यांच्या फौजेचा तळ, जो उठलाच नाही आणि शहर होऊन बसला. तिथले मोहल्ले बघा: शिंदे की छावनी, फालका बाजार, चिटणीस की गोठ, कंपू. सरदार, कारकून, कवायती पलटणी, सगळ्यांची आठवण पत्त्यांमध्ये शिल्लक आहे. पण ज्या महादजी शिंद्यांमुळे हा सगळा पसारा उत्तरेत टिकला, त्यांचा जीव वाचवणारा माणूस यापैकी कोणीच नव्हता. तो पाणक्या होता.

महादजींचे वडील राणोजी हे सातारा भागातल्या कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. थोरल्या बाजीरावांच्या पदरी ते अगदी खालच्या चाकरीत होते, पेशव्यांचे जोडे सांभाळत, अशी कथा शिंद्यांच्या घराण्यात आणि बाहेरही सांगितली जाते. कथेत मीठमसाला किती ते सोडा. बाजीरावांनी माणूस हेरला आणि वर काढला, एवढं खरं. माळव्याच्या मोहिमांत राणोजी मोठे सरदार झाले आणि १७४५ साली वारले, तेव्हा मागे जहागीर होती आणि पाच मुलगे होते.

या पाचांत महादजींची जागा अवघड होती. त्यांची आई चिमाबाई राजपूत, आणि तिचं राणोजींशी रीतसर लग्न झालेलं नाही, असं धरलं जाई. अशा मुलाला आपल्याकडे लेकावळा म्हणायची पद्धत होती. त्यानं रणांगणात पुढं राहायचं, पंगतीत मात्र पायरीनं बसायचं. वतनाच्या वाटणीत त्याचं नाव शेवटी, आणि तेही कोणी काढलं तर. थोरला भाऊ जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारला गेला. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडला. वर्षभरानं पानिपत झालं आणि तिथं तुकोजी गेला, जयाप्पाचा तरुण मुलगा जनकोजीही गेला.

१४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी महादजी घोड्यावरून निघाले होते. एका अफगाण स्वारानं लांबवर पाठलाग केला, पायावर घाव घातला आणि अंगावरचं लुटून त्यांना तसंच टाकून तो निघून गेला. थंडीच्या दिवसांत, परमुलखात, रक्तानं भरलेल्या पायानं ते पडून होते. तिथून राणेखान नावाचा एक भिस्ती आपला पखालीचा बैल घेऊन चालला होता. त्यानं त्यांना ओळखलं, बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे सुखरूप आणून पोहोचवलं. पाय मात्र कायमचा अधू झाला.

भिस्ती म्हणजे कोण, हे आजच्या नळाच्या जमान्यात सांगावं लागतं. चामड्याच्या पखालीतून छावणीला पाणी पुरवणारा. लाखभर माणसांचं आणि जनावरांचं सैन्य याच्या खांद्यावर जगायचं, आणि तरी सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात त्याची पखाल बाटलेली. पाणी त्यानं आणायचं, पण ते कोण पिणार आणि कोण नाही, हे दुसऱ्यांनी ठरवायचं. बखरींमध्ये हत्ती, घोडे, तोफा मोजलेल्या सापडतात. पखाली कोण मोजणार?

महादजी जगले, पण घराण्यात त्यांना कोणी हारतुरे घातले नाहीत. जहागिरीचा वारस कोण, यावर सात वर्षं घोळ चालला. त्यांचं जन्माचं कारण पुढं केलं गेलं. तुकोजीचा मुलगा केदारजी, मग मानाजी फाकडे, अशी नावं पुढं आली. रघुनाथरावांचा कल महादजींकडे नव्हता. माधवराव पेशव्यांच्या काळात, १७६८ मध्ये, शिंद्यांची सरदारी अखेर त्यांच्याकडे आली. घरातला दुसरा कर्ता माणूसच उरला नव्हता, हे त्याचं एक कारण. ज्याला घरच्यांनी वारस मानायला सात वर्षं घेतली, त्याला एका पाणक्यानं एका संध्याकाळीत उचललं होतं.

महादजी हे विसरले नाहीत. नुसतं बक्षीस देऊन त्यांनी हिशेब मिटवला नाही. अशीच एक जुनी गोष्ट हुमायूनची आहे. १५३९ मध्ये चौसाला त्याला नदीतून वाचवणाऱ्या निजाम भिस्त्याला त्यानं थोडा वेळ तख्तावर बसवलं, म्हणतात. नंतर निजाम परत पाणी भरायला गेला. राणेखानाचं तसं झालं नाही. महादजींनी त्याला भाऊ मानलं, कागदोपत्री तो राणेखान भाई झाला, आणि फौज हाती घेऊन लढला. १७८७ मध्ये लालसोटला महादजींना माघार घ्यावी लागली, उत्तरेतला डाव जवळजवळ हातातून गेला. पुढच्या वर्षी आग्र्याजवळ शिंद्यांची फौज जिंकली, तेव्हा सेनापती राणेखान होता. त्याच साली गुलाम कादिरनं दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाह आलम बादशहाचे डोळे काढले. त्याच्यावर चालून जाऊन दिल्ली परत घेणाऱ्या फौजेचं नेतृत्वही राणेखानाकडेच होतं. गुलाम कादिर मेरठहून पळताना पकडला गेला.

पुण्याच्या दरबारात ज्यांना आतल्या वर्तुळात जागा नव्हती, अशी माणसं महादजींकडे बरीच दिसतात. जिवबादादा बक्षी आणि लखबादादा लाड हे शेणवी. जिवबादादा तर गोव्याच्या पेडणे भागातले केरकर, आपल्याच सीमेकडचे. ते ब्राह्मण खरे, पण पुण्याच्या पंगतीत त्यांना बरोबरीचा पाट नव्हता. द बॉयन हा फ्रेंच बोलणारा सॅव्हॉयचा लढवय्या. त्याच्या कवायती फौजेला कंपू म्हणत आणि तोच शब्द ग्वाल्हेरच्या मोहल्ल्याला आहे. त्या कंपूत शिपायाला पगार वेळेवर मिळे, जखमींना भरपाई आणि कायमच्या अपंगांना निवृत्तिवेतन अशी सोय होती. त्या काळच्या हिंदुस्थानी फौजांत पगार महिनोन्‌महिने थकत, शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. अधू पायाच्या मालकाकडे ही सोय झाली, हे मला तरी लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. महादजींचे गुरू होते बीडचे सुफी फकीर मन्सूर शाह. ग्वाल्हेरच्या गोरखीत शिंदे घराण्याकडून त्यांचा उरूस होतो.

आता दुसरी बाजूही बघू. १७८० मध्ये इंग्रजांनी रात्री दोर-शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, तो गोहदच्या राण्याकडे गेला आणि १७८३ मध्ये महादजींनी वेढा घालून परत मिळवला. त्याच सुमारास, संवत १८४० मध्ये, उत्तरेत चालीसा दुष्काळ पडला. दिल्ली ते राजपुताना गावंच्या गावं ओस पडली. त्या मुलखातून फौजा जात होत्या, खंडण्या ठरत होत्या, चौथ मागितली जात होती. एक राणेखान वर आला. ज्या कुळाच्या कणगीत हात घालून फौज जगली, त्याच्यासाठी महादजींचा अंमल दुसऱ्या कुणाच्या अंमलाहून फार वेगळा नव्हता. आणि राणेखान सेनापती झाला म्हणून छावणीतल्या बाकीच्या भिस्त्यांची पखाल कुणी सोवळी मानली नाही. महादजींनी माणसं उचलली, पायऱ्या तशाच ठेवल्या.

स्वतःची पायरी मात्र त्यांनी हत्यारासारखी वापरली. १७९२ च्या जूनमध्ये बादशहाची वकील-इ-मुतलकची सनद आणि वस्त्रं घेऊन ते पुण्याला आले. हिंदुस्थानात त्या वेळी त्यांच्याइतका बळकट माणूस नव्हता. तरी ते हत्तीवरून उतरले, इतर मानकऱ्यांच्या खाली बसले, आणि काखेतलं बोचकं सोडून पेशव्यापुढं नवे जोडे ठेवले. वाडवडिलांची चाकरी तीच आपली, असा त्याचा अर्थ. स्वतःला ते पाटीलच म्हणवत, लोकही पाटीलबाबा म्हणत. नाना फडणवीसांना यातली नम्रता किती आणि डावपेच किती, हे कळत नसेल असं नाही. मला विचाराल तर दोन्ही होतं. जन्मावरून हिणवला गेलेला माणूस भरदरबारात तो जन्म स्वतःच मांडतो, तेव्हा समोरच्याला हिणवायला काही उरत नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. त्यांची छत्री तिथंच आहे. त्यांना मुलगा नव्हता. भाऊ तुकोजीचा नातू दौलतराव याचं दत्तकविधान रीतसर व्हायचं राहून गेलं होतं, तरी गादी त्यालाच मिळाली. मुलगा पंधरा वर्षांच्या आतबाहेर होता, एकही मोहीम त्याच्या नावावर नव्हती. पण रक्त घराण्याचं होतं, त्यामुळे या वेळी सात वर्षं लागली नाहीत. १८१० मध्ये त्याच दौलतरावानं ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला.